देवळाची पायरी आणि सरकारी पट्टी

पूर ओसरला की क्षेत्रांच्या गावी जी बोलणी चालतात, त्यांत एक वाक्य हमखास कानी पडते : "पाणी किती यावे ते नदीने ठरवायचे, ते मोजणारे आपण कोण?" बोलणारा बहुधा वयस्क, श्रद्धाळू आणि सज्जन असतो, म्हणून कोणी त्याला उत्तर देत नाही. ते उत्तर फार दिवस द्यायचे राहून गेले आहे, असे आम्हांस वाटते. या वाक्याला नम्रतेचा वास येतो खरा. पण त्याच्या पोटी आळस दडलेला आहे, आणि हा आळस काठावरच्या माणसांच्या जिवावर बेततो.

प्रथम परंपरेचीच साक्ष काढू. नदी मोजणे हे आपल्या धर्माला परके आहे काय? नृसिंहवाडीस कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर श्रीनृसिंहसरस्वतींच्या पादुकांचे मंदिर आहे. पावसाळ्यात कृष्णामाई चढू लागली की, एका ठरावीक उंचीस पाणी उत्तरेच्या दारातून आत शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते. हाच तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान घडावे म्हणून लांबलांबून माणसे धावत येतात. आता हा सोहळा केव्हा सुरू झाला, हे पुजारी मंडळी कशावरून ठरवितात? पंचांगावरून नव्हे; पाण्याच्या पातळीवरून. पाणी त्याहून चढले की उत्सवमूर्ती उंचावरील जागी हलवितात. म्हणजे देवस्थानच्या आचारातच पाण्याच्या दोन पातळ्या नेमून ठेवलेल्या आहेत. केंद्रीय जल आयोग ज्यांना 'इशारा पातळी' आणि 'धोक्याची पातळी' म्हणतो, त्यांचीच ही वडील भावंडे होत.

नाशकात गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, अशा भाषेत सारे नाशिक पुराची वार्ता सांगते. वर्तमानपत्रेही तीच भाषा वापरतात. पंढरपुरास चंद्रभागेच्या वाळवंटात पुंडलिकाच्या मंदिराला पाणी लागले की नाही, यावरून पुराचा अंदाज बांधतात. आणखी मागे जावयाचे तर कौटिल्याने कोठारात पर्जन्य मोजण्याचे कुंड ठेवण्यास सांगितले आहे, आणि त्या कुंडाचे तोंड किती रुंद असावे हेही नेमून दिले आहे. प्राचीन मिसर देशात नाईल नदीची चढउतार मोजण्याच्या पायऱ्या देवळांच्या आवारातच बांधलेल्या असत. तेव्हा "मोजणारे आपण कोण" या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : आपण मोजणाऱ्यांचेच वंशज.

मग उणे काय आहे? उणे हे आहे की, मारुतीच्या छातीला पाणी लागले एवढे सर्वांच्या लक्षात राहते. ते कोणत्या तारखेस, कोणत्या प्रहरी लागले, किती वेळ टिकले, तासाला किती बोटे चढले आणि किती बोटे उतरले, हे कोणी लिहून ठेवीत नाही. देवस्थानच्या कीर्दीत तेलाचा पावशेर, नारळांची संख्या, अभिषेकाचे पैसे ही सारी टिपली जातात. गाभाऱ्यात प्रत्यक्ष नदी येऊन गेली, तर तिच्या नावे एक ओळ पडत नाही.

याचा परिणाम काय होतो, ते सांगली-कोल्हापूरच्या लोकांना विचारावे. सांगलीस आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट धरली जाते. २००५ साली तेथे पाणी ५३ फुटांच्या वर गेले. पुढे चौदा वर्षे काठावरची घरे भिंतीवरील त्या ओलीच्या खुणेकडे बोट दाखवून सांगत की, पाणी येथवर आले होते. 'आले होते' याचा अर्थ हळूहळू 'आले तरी येथवरच येईल' असा झाला. भूतकाळातील एका वर्षाची आठवण भविष्याची हमी होऊन बसली! ऑगस्ट २०१९ मध्ये तेच पाणी ५७ फुटांच्या वर गेले. सामान माळ्यावर चढवून, गुरे सोडून, माणसे घरातच वाट पाहत बसली होती. ८ ऑगस्ट रोजी कृष्णा-येरळेच्या संगमावरील ब्रह्मनाळ या गावी लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि अनेक जीव गेले. त्या दुर्दैवाचा दोष आम्ही कोणा एकाच्या माथी मारीत नाही. पण काठावरची माणसे वेळेवर का हलली नाहीत, याची जी कारणे त्या दिवसांत लोकांनी स्वतःच सांगितली, त्यांत २००५ च्या खुणेवरचा विश्वास हे एक मोठे कारण होते. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ साली पंचगंगा तेथे ५५ फुटांच्या पुढे गेली, आणि तो उच्चांक निदान एक पिढी टिकेल असे म्हणणाऱ्यांच्या तोंडावर दोनच वर्षांनी, २०२१ साली, ५६ फुटांच्या पुढे.

आता सरकारी पट्टी म्हणजे काय वस्तू आहे, ते पाहू. कारण तिच्याविषयी आपल्या मंडळींत जी उदासीनता आहे ती बहुतांशी अज्ञानातून आली आहे. पुलाच्या खांबावर किंवा काठच्या उतारावर एकापुढे एक रोवलेल्या खांबांवर आकडे घातलेली पट्टी सर्वांनी पाहिलेली असते. शासकीय मराठीत या ठिकाणास 'सरितामापन केंद्र' असे गोड नाव आहे. या पट्टीचे शून्य मनास येईल तेथे नसते. समुद्रसपाटीपासून त्याची उंची किती, हे तपासून पक्के केलेले असते. त्यामुळे एखाद्या पुरात पट्टी वाहून गेली तरी मोजमाप वाहून जात नाही. नवी पट्टी त्याच शून्यावर पुन्हा उभी राहते आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्याशी आजचा आकडा ताडून पाहता येतो. काही केंद्रांवर काठालगत विहीर खोदून ती नळाने नदीशी जोडतात. लाटांचा खळबळाट बाहेर राहतो, विहिरीतले पाणी मात्र नदीबरोबर संथपणे वरखाली होते, आणि त्यावर तरंगणारा डबा फिरत्या कागदावर रेघ काढीत जातो. अलीकडे पुलाखाली रडारचे यंत्र बसवितात. ते पाण्यास न शिवता अंतर मोजते आणि उपग्रहामार्फत आकडा दूरच्या कचेरीत पाठविते.

परंतु पातळी कळली म्हणजे प्रवाह कळला असे नाही. अरुंद घळीतील वीस फूट पाणी आणि पसरट पात्रातील वीस फूट पाणी ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. म्हणून नदीच्या रुंदीचे अनेक उभे भाग पाडतात, प्रत्येक भागाची खोली घेतात, आणि नावेतून किंवा दोन्ही काठांना ताणलेल्या तारेवरून वाट्यांचे फिरते यंत्र पाण्यात सोडून वेग मोजतात. उथळ जागी पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांशावर, खोल जागी दोन दशांश आणि आठ दशांश अशा दोन ठिकाणी. तळाशी पाणी घासत चालते, वर ते मोकळे धावते, तेव्हा सरासरी वेग या ठिकाणी सापडतो असा अनुभव आहे. क्षेत्रफळाला वेगाने गुणावे, सर्व भागांची बेरीज करावी, की नदीचा विसर्ग मिळतो. समजा, पात्र ४०० मीटर रुंद आहे, सरासरी खोली ५ मीटर आहे आणि पाणी सेकंदाला दीड मीटर धावत आहे. तर सेकंदाला ३,००० घनमीटर पाणी पुढे जाते. बातम्यांतील भाषेत सांगावयाचे तर एक लाख क्युसेकहून थोडे अधिक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. नदी उतरलेली असताना, भरलेली असताना आणि पुरात अशी मोजणी वर्षानुवर्षे केली, म्हणजे पातळी व विसर्ग यांचे नाते दाखविणारी वक्ररेषा तयार होते. मग प्रत्येक वेळी नाव सोडावी लागत नाही. पट्टी वाचली की रेषेवरून विसर्ग सांगता येतो.

ही रेषा एकदा काढली की जन्मभर पुरते, असेही नाही. पात्रातून वाळू उपसली, पुलासाठी भराव घातला, काठचा घाट नदीत पुढे सरकविला, की तीच पातळी वेगळा विसर्ग दाखवू लागते आणि सारी मोजणी पुन्हा करावी लागते. घाट पुढे सरकविणारे कोण, हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे. महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. या रेषा केंद्रांच्या नोंदींवरून काढाव्या लागतात. किती देवस्थानांच्या विश्वस्तांनी भक्तनिवासाचा पाया खणण्यापूर्वी निळी रेषा कोठून जाते ते विचारले आहे? आणि ज्यांनी विचारले, त्यांपैकी किती जणांनी ती रेषा थोडी पलीकडे सरकवून घेता येईल काय, एवढ्यासाठीच विचारले?

जाता जाता एका माणसाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पुरात पट्टी तासातासाला वाचावी लागते. गाव झोपलेले, वीज गेलेली, पाऊस कोसळत असलेला, आणि एक मनुष्य हातात विजेरी घेऊन निसरड्या काठाने खाली उतरतो, आकडा पाहतो, वहीत लिहितो, वरच्या कचेरीस कळवितो. तासाभराने पुन्हा तेच. दिल्लीस यमुनेवर १९५८ साली आपल्या देशात पुराच्या अंदाजाचे शास्त्रशुद्ध काम सुरू झाले. तेव्हापासून आजवर जो जो इशारा निघाला, त्याच्या मुळाशी असल्या माणसांची वही आहे. आपण कीर्तनकाराला शाल देतो, स्वयंपाक्याला बक्षिसी देतो. या माणसाचे नावही आपणांस ठाऊक नसते.

आता आपल्या सीमेवरच्या मुलखाकडे वळू. बसवकल्याण तालुक्यातील कोहिनूर हे गाव नकाशावर लहान असले तरी या विषयात फार बोलके आहे. या तालुक्याच्या उत्तर अंगाचे पाणी मांजरेस, म्हणजे पर्यायाने गोदावरीस मिळते. दक्षिण अंगाचे मुल्लामारीच्या वाटेने कागिण्यास, तेथून भीमेस आणि शेवटी कृष्णेस. एकाच आभाळाचे पाणी दोन महानद्यांत वाटले जाते. उत्तरेस मांजरेवर सायगाव येथे केंद्रीय जल आयोगाचे केंद्र आहे. आग्नेयेस कागिण्यावर मळखेड येथे दुसरे आहे. मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, जिच्या काठी आज उत्तरादि मठाचे स्थान आहे. ही दोन्ही केंद्रे आपापल्या नदीचे काम चोख करीत असतील. पण मधल्या उंचसखल पठारावरील ओढ्याकाठच्या गावांना त्यांचा आकडा काय कामाचा? ओढ्याचे पाणी मोठ्या नदीत जाऊन पट्टीवर दिसेपर्यंत ओढ्याकाठी व्हायचे ते होऊन गेलेले असते. उन्हाळ्यात ज्याच्या पात्रातून बैलगाडी कोरडी जाते, तो ओढा एका रात्रीच्या पावसाने फरशीपूल ओलांडून धावतो. आणि त्या फरशीवर पाणी किती आले म्हणजे पाऊल टाकू नये, हे सांगणारा रंगविलेला एक दगडही बहुतेक ठिकाणी दिसत नाही. हे काम दिल्लीने करावे अशी अपेक्षा धरणे हास्यास्पद आहे. हे गावाचे काम आहे, आणि ओढ्याकाठी देऊळ असेल तर देवळाचे.

सीमेवरच्या या गावांतून पौर्णिमेस गाणगापुरास जाणारी मराठी कुटुंबे पुष्कळ. गाणगापूर म्हणजे भीमा आणि अमरजा यांचा संगम. श्रीगुरूंच्या निर्गुण पादुकांचे क्षेत्र. पावसाळ्यात निघण्यापूर्वी ही मंडळी काय ऐकतात? उजनीतून अमुक इतके हजार, तमुक इतके लाख क्युसेक पाणी सोडले. हा आकडा कितीही खरा असला, तरी संगमावर स्नानास उतरणाऱ्या बाईस त्याचा अर्थ काय? तिला जाणून घ्यावयाचे ते इतकेच की, पाणी कोणत्या पायरीवर येणार आणि केव्हा येणार.

उजनी ते गाणगापूर ही वाट नीट डोळ्यांपुढे आणली म्हणजे घोटाळा कोठे होतो ते कळते. धरणाचे पाणी पंढरपुरावरून सोलापूर जिल्ह्यात टाकळीच्या केंद्राकडे येते. सीनेवर वडकबाळ येथे वेगळे केंद्र आहे. या दोन नद्या हत्तरसंग-कुडल येथे मिळतात. (याच संगमावरील संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, मराठीच्या उपलब्ध लेखांत तो अत्यंत जुन्यांपैकी एक मानतात. हजार वर्षांपूर्वी देवळाच्या तुळईवर अक्षरे कोरणाऱ्यांच्या मनात जर एखाद्या पुराची रेघही कोरण्याचे आले असते, तर आज ती रेघ किती मोलाची ठरली असती!) पुढे कर्नाटकात देवणगाव पुलापाशी पुन्हा आयोगाचे केंद्र, मग सोन्नचा बंधारा, आणि मग गाणगापूर, तेथे आळंद तालुक्यातून येणारी अमरजा येऊन मिळते, तिच्यावरही धरण आहे. उजनीच्या पाण्यास येथवर पोचण्यास लागणारा वेळ तासांपेक्षा दिवसांत मोजणे बरे. परंतु सीनेचे, अमरजेचे आणि मधल्या शेकडो ओढ्यांचे पाणी त्याहून पुष्कळ लवकर येते. ऑक्टोबर २०२० मध्ये नेमके हेच झाले. बंगालच्या उपसागरावरून आलेले कमी दाबाचे क्षेत्र तेलंगण, कलबुर्गी, सोलापूर या वाटेने सरकत गेले आणि धरणाच्या खालच्या मुलखातच तुफान पाऊस पडला. धरणातून सुटणारे पाणी आणि मुलखाचे पाणी एकमेकांवर चढले. कलबुर्गी जिल्ह्यातील भीमाकाठची गावेच्या गावे पाण्याखाली गेली आणि हजारो माणसांना निवाऱ्याच्या जागी हलवावे लागले. अशा वेळी केवळ धरणाचा आकडा ऐकून निर्धास्त राहणारा माणूस अर्धीच गोष्ट ऐकत असतो.

त्यातही भाषांचा आणि मापांचा गोंधळ पाहा. धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये मराठीत, बंधाऱ्याचा कानडीत, आयोगाची पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये इंग्रजीत. सांगली-कोल्हापूरकडे फूट, आणि तेही प्रत्येक पुलाच्या आपापल्या शून्यापासून. नृसिंहवाडीसमोर कुरुंदवाडला आयोगाचे केंद्र आहे. तेथील पातळी पाचशेहून अधिक मीटर असते, आणि तो आकडा ऐकून वाडीच्या घाटावरील माणूस चक्रावून जातो. दोष आकड्याचा नाही. आकडा आणि पायरी यांची कोणी गाठच घालून दिलेली नाही. ही गाठ घालणे हेच आमचे आजचे मागणे आहे, आणि ते सरकारकडे नसून देवस्थानांकडे आहे.

गाठ घालणे म्हणजे काय? जवळच्या सरितामापन केंद्राच्या शून्याची जी उंची, तिच्याच संदर्भाने घाटाच्या प्रत्येक पायरीची उंची भूमापकाकडून काढून घ्यावयाची आणि पायरीवर ती कोरावयाची. मग एक-दोन पावसाळे केंद्राच्या वाचनाशेजारी पायरीचे वाचन त्याच वेळी लिहीत जावयाचे. केंद्र दूर असेल तर दोहोंत जो फरक पडतो आणि जो वेळ जातो, तो या नोंदींतून आपोआप उमजू लागतो. त्यानंतर देवणगावास अमुक पातळी म्हणजे संगमावर अमुक पायरी, अमुक तासांनी, असे कोष्टक महाद्वारावर मराठीत आणि कानडीत लावता येईल. हे कोष्टक आयोगाच्या अंदाजाची जागा घेणार नाही. तो अंदाज यात्रेकरूला समजेल अशा बोलीत आणील. माहिती मिळत नाही ही सबबही चालणार नाही. गंगा, सिंधू, ब्रह्मपुत्रा या सीमापार नद्यांचे आकडे सरकार गुप्त राखते. कृष्णा-गोदावरीचे तसे नाही. ते मागणाऱ्याला मिळतात. मागणारा पाहिजे.

येथे दुसऱ्या टोकाचे विद्वान उठून म्हणतील की, आता रडार आले, उपग्रह आले, देवळाच्या खुणांचे हे जुनाट प्रकरण कशाला? या मंडळींना आमचे दोन शब्द. रडार पातळी सांगते, विसर्ग सांगत नाही. विसर्गाची रेषा माणसांनी पाण्यात उतरूनच काढावी लागते. यंत्र ज्या वर्षी बसले त्याच्या मागचे त्याला काही ठाऊक नसते. शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराचा अंदाज तीस वर्षांच्या नोंदींवरून बांधणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय, आणि तेथे जुन्या खुणांचीच मदत होते. प्राग नगरात व्लतावा नदीच्या काठी एका दाढीवाल्या पुरुषाचे दगडी मुख बसविलेले आहे. पाणी त्याच्या दाढीला लागले, डोक्यावर चढले, या भाषेत तेथील लोक पंधराव्या शतकापासून पूर सांगत आले. आपला दुतोंड्या मारुतीच म्हणा ना! भेद इतकाच की, तेथील इतिवृत्तकारांनी ते वर्ष, महिना आणि दिवस घालून लिहिले. म्हणून आजचे जलशास्त्रज्ञ त्या मुखाचा आदराने आधार घेतात, आणि आपल्या मारुतीची साक्ष कोर्टात उभी राहू शकत नाही.

कोर्ट हा शब्द आम्ही उगाच वापरलेला नाही. कृष्णेचे पाणी तीन राज्यांत वाटण्यासाठी न्यायमूर्ती बच्छावत यांचा लवाद १९६९ साली नेमला गेला. नदीत भरवशाचे पाणी किती, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर २०६० अब्ज घनफूट असे निघाले, आणि ते विजयवाड्यापाशी १८९४-९५ पासून अठ्ठ्याहत्तर वर्षे लिहिल्या गेलेल्या प्रवाहाच्या नोंदींवरून काढले गेले. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८०० हे वाटे त्या वह्यांच्या पोटातून बाहेर पडले. गोव्याच्या आमच्या कोंकणी बंधुभगिनींना म्हादईचे प्रकरण सांगावयास नको. २०१८ साली त्या लवादाने नदीचे भरवशाचे पाणी १८८.०६ अब्ज घनफूट धरले आणि त्यातून कर्नाटकास १३.४२ अब्ज घनफूट दिले. या आकड्यांवरून रान उठले, आणि ते उठणे स्वाभाविक होते. म्हादईला माय म्हणून तिच्यासाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांविषयी आम्हांस आदरच आहे. पण त्यांपैकी किती जणांनी गांजे येथील मापनकेंद्राकडे कधी वाकडी वाट करून पाहिले असेल? हुंवार आला की आपण नदीकडे पाहतो, आणि निवाडा आला की आकड्याकडे. दोहोंच्या मधली जी रोजची वही, तिच्याकडे कोणी पाहत नाही. मायलेकीचा न्याय नोंदींवर होणार असेल, तर नोंदींचे रक्षण हीही मायची सेवाच आहे.

खर्चाचा प्रश्न निघेल, तो निघावाच. कोणत्याही क्षेत्राच्या मंडपात जा. देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्यांनी भिंती भरल्या आहेत. फरशीवर नाव, पंख्याच्या पात्यावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव. त्याच भिंतीवर २०१९ किंवा २०२० चे पाणी कोठवर आले होते, हे दाखविणारी तारखेसह एक आडवी रेघ शोधून पाहावी. सापडली तर त्या विश्वस्तांना आमचा नमस्कार कळवावा. एका पाटीच्या किमतीत घाटाच्या साऱ्या पायऱ्यांवर आकडे कोरून होतात. एका वहीच्या किमतीत दहा पावसाळे लिहून होतात. पुजाऱ्यांपैकी एकाने पहाटेच्या काकडआरतीस जाताना आणि रात्री शेजारतीहून परतताना पायरी पाहून वहीत दोन आकडे लिहावेत, पूर असेल तेव्हा तासातासाला लिहावेत, एवढेच रोजचे काम. वर्षाअखेर ते आकडे देवस्थानच्या अहवालात जमाखर्चाशेजारी छापावेत, आणि एक प्रत जलसंपदा खात्याकडे पाठवावी. खात्याने त्याकडे दुर्लक्ष केले तर पुढच्या वर्षी पुन्हा पाठवावी. ओढ्याकाठच्या लहान देवळाने तर तेवढेही करावयास नको : फरशीपुलाच्या कडेस फुटाफुटावर रंगविलेला एक दगडी खांब, आणि त्यावर तांबड्या रंगाचा एक पट्टा, ज्याच्या वर पाणी असताना गाडी घालू नये हे लहान मुलासही कळेल.

श्रद्धेस यामुळे बाध येतो म्हणणाऱ्यांनी दक्षिणद्वाराचा सोहळा पुन्हा एकदा आठवावा. पाणी कोठवर आले ते पाहिल्यावाचून तो सुरू होत नाही, आणि ते ओसरलेले पाहिल्यावाचून मूर्ती खाली येत नाही.

पायऱ्यांची उंची काढण्यास वैशाख बरा. नदी उतरलेली असते, तळच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात, आणि भूमापकही रिकामा सापडतो. ज्येष्ठाच्या अखेरीस खालच्या पायऱ्या पाण्याखाली जाऊ लागतात, आणि मग काम पुढच्या वर्षावर पडते.